फंक, हलगी आणि आमचा फुटलेला बँड (लांबण आहे, चहा घेऊन बसा)

खालचा_सूर (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात चिकलठाण्याला एका लग्नाला गेलो होतो. वरात दारात आली, बँजो पार्टीवाल्यानं पॅडवर एक ठेका सोडला आणि माझ्या हातातली आईस्क्रीमची वाटी हातातच राहिली. तो ठेका आमचा होता. आमचा म्हणावा की नाही, त्याच्यासाठीच हा धागा.

2010 ते 2016 या काळात औरंगाबादेत आमचा एक बँड होता. (तेव्हा औरंगाबादच होतं. नावावरून धागा भरकटवू नका, हात जोडतो.) बँडचं नाव टाकत नाही, टाकलं की चार घरी फोन जातील. चौघं इंजिनिअरिंगची पोरं आणि एक मामा. मी बेस गिटार वाजवायचो.

सुरुवातीला आम्ही इतरांसारखंच इंग्रजी रॉक घोटायचो. मग आमचा ड्रमर कॅम्पसमधून नोकरीला लागला आणि ड्रमसेट घेऊन पुण्याला गेला. ड्रमसेट त्याचाच होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. लॅरी ग्रॅहम या अमेरिकन बेसवाल्याबद्दल नंतर वाचलं, की आईच्या बँडमध्ये ड्रमर उरला नाही म्हणून तो बेसच्या तारांवर अंगठा आपटायला लागला आणि त्यातून स्लॅप बेस जन्माला आला. अंगठा मीही आपटला, पण माझ्या अंगठ्यानं काही भागेना.

गणपतीच्या मिरवणुकीत हलगी वाजवणारे एक मामा कॉलेजच्या पोरांना माहीत होते. बदनापूर तालुक्यातलं गाव, वय पंचेचाळिशीच्या पुढं. त्यांना बोलावलं. पॅसेंजरनं मुकुंदवाडीला उतरले, गारखेड्यात आमच्या खोलीवर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तुमी काय वाजवायलात ते आदी वाजवा." आम्ही वाजवलं. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला. "पहिल्या टिपरूला समद्यांनी यायचं. मदी कुटंबी हिंडा, पण पहिल्याला घरी या."

ज्यांना फंक (ठेक्यावर चालणारं अमेरिकन नाचाचं संगीत) माहीत आहे त्यांना हे वाचून हसू येईल. फंकचा बाप मानला जाणारा गायक जेम्स ब्राऊन आपल्या वादकांना आयुष्यभर हेच सांगत आला, सगळा भार पहिल्या मात्रेवर द्या, त्याला तो 'वन' म्हणायचा. रॉकमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते, फंकमध्ये पहिली मात्रा हा खुंटा आणि बाकीच्या जागेत सोळा तुकडे करून खेळायचं. आपल्याकडची समच म्हणा ना. आम्ही तीन महिने यूट्यूबवर जे शोधत होतो ते मामांच्या हातात पोळ्याच्या बैलांमागं चालून चालून आलेलं होतं.

एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. जाड टिपरू मध्ये पडलं की बास ड्रमचं काम, बारीक काडी कडेला चटचट करत राहते, ते हायहॅटचं, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांचं. ती बारीक काडीच खरी जादू. ती कधी वाजते, कधी नुसती कातड्याला शिवून जाते. गिटारवाल्यानं तारा दाबून तिच्यासारखी चकचक धरायची आणि मी टिपरूबरोबर पडायचं, एवढं जमायला आम्हाला सात-आठ महिने लागले.

वाद्याचे नखरेही होते. हलगी विस्तवावर शेकावी लागते, नाहीतर कातडं ढिलं पडतं. तापडिया नाट्यगृहाच्या विंगेत शेकोटी कोण पेटवू देणार? मामा 200 वॅटचा बल्ब घेऊन यायचे आणि दोन गाण्यांच्या मधे हलगी त्याच्यापुढं धरायचे. पावसाळ्यात तिसऱ्या गाण्यालाच ती उतरायची. मग मी बेस थोडा खाली लावायचो, गायक माझ्याकडं खाऊ की गिळू असं बघायचा.

आमचं चाललं ते एका गाण्यावर. भारनियमनावर होतं. गायकानं "आली का?" विचारायचं, पब्लिकनं "गेली!" ओरडायचं. दिवसातले दहा-बारा तास लाइट नसलेल्या गावांत अशा गाण्याला दुसरी जाहिरात लागत नाही. परभणी, नांदेड, लातूर, बीड, कॉलेजांची गॅदरिंगं मिळायला लागली. अंबाजोगाईत एकदा याच गाण्याच्या मध्यात खरंच लाइट गेली. जनरेटरवाला डिझेल आणायला गेलेला. गिटार मेली, माझा बेस मेला, माईक मेला. मामा थांबलेच नाहीत. अंधारात सात-आठशे पोरं "गेली! गेली!" ओरडताहेत आणि मध्ये एकटी हलगी. पाच मिनिटं तरी चाललं असेल. मी बंद बेसच्या तारा उगाच दाबत उभा होतो. तसली रात्र पुन्हा आली नाही.

2016 ला बँड फुटला. दुष्काळ, नोकऱ्या, लग्नं, नेहमीचंच. पण तो ठेका वरातीत ऐकल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. इथं कोणी बँजो पार्टीतलं आहे का? तो पॅच, म्हणजे पॅडमध्ये भरलेला आवाज, तुमच्याकडं कुठून आला?

उदगीरकर_बाई

वा! आमच्या कॉलेजात तुम्हीच आला होतात काय? "गेली" ओरडून दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला माझा. आमच्याकडं तर खरंच नसायची हो. बारावीचा अभ्यास मी कंदिलावर केलेला आहे. अवांतर: मामा धोतरात होते आणि गायकाच्या जीन्सला गुडघ्यावर भोकं होती, हे फार नीट आठवतंय.

पेठेतला_पाहुणा

छान लिहिलंय. पण याला फंक म्हणणं म्हणजे झुणक्याला पास्ता म्हणण्यासारखं नाही का? हलगी घातली की झालं फ्यूजन.

गोदाकाठ

@पेठेतला_पाहुणा, फंक हे वाद्याचं नाव नाही, ठेक्याच्या बांधणीचं आहे. ड्रमसेटशिवाय होत नाही असं कुठं लिहिलंय? इंडस क्रीड काय, परिक्रमा काय, आपल्याकडच्या इंग्रजी बँडांची पोरं रेकॉर्डं ऐकून शिकली. यांच्याकडं शिकवणारा पॅसेंजरनं यायचा, एवढाच फरक.

गातो_म्हणे

धागा मित्रानं पाठवला म्हणून खास आयडी काढला. तो भोकंवाला गायक मीच.

बेसवाल्या, दुष्काळ-नोकऱ्या-लग्नं हे सगळं खरंय. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. कॉलेजवाले टँकरचं बिल भरणार की आपलं? पण त्यानं तारखा कमी झाल्या, बँड नाही फुटला. फॉर्मचं सांग ना. फॉर्म कोणी भरला होता?

खालचा_सूर

येणार हे माहीतच होतं. सांगतो, पण आधी पैशाचं सांगू दे, नाहीतर अर्धवट कळेल.

सुपारी साधारण पंधरा हजारांची असायची. त्यातले सहा साउंडवाल्याचे, चारेक हजार गाडीचे. मामांचे दीड हजार ठरलेले, ते आधी बाजूला काढायचो. किरकोळ खर्च जाऊन उरलं तर आम्हा चौघांत, बहुतेकदा उरायचं नाही. म्हणजे आम्ही फुकट वाजवलंय पण मामांना कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. याचा आम्हाला भारी अभिमान होता. आता वाटतं तिथंच घोळ होता. आम्ही बँड आणि मामा रोजंदारीवर, हे आम्ही न बोलता ठरवून टाकलेलं.

2014 ला पुण्यात जाऊन ते गाणं रेकॉर्ड केलं. सुरुवातीला दोन आवर्तनं नुसती हलगी, मग सगळे आत. नेटवर चढवण्यासाठी फॉर्म आला. संगीतकार, गीतकार, सहकलाकार, असे रकाने. तो मी भरला. संगीतात माझं आणि गिटारवाल्याचं नाव, गीतात गायकाचं. सहकलाकारचा रकाना रिकामा सोडला.

का सोडला? विसरलो, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. विसरलो नव्हतो. फॉर्मला पूर्ण नाव हवं होतं आणि मला मामांचं आडनाव माहीत नव्हतं. चार वर्षं बरोबर वाजवत होतो. रात्रीचे दोन वाजलेले, एवढ्यासाठी फोन कुठं करायचा म्हणून पुढचं बटण दाबलं.

गातो_म्हणे

हे मलाही आज कळतंय. मी समजत होतो तू मुद्दाम केलंस.

आणि खोटं कशाला बोलू, आडनाव मलाही माहीत नव्हतं.

बालाघाट

वाचत होतो, आता लिहितोच. आमच्या घरात तीन पिढ्या डफडं होतं. ते काही हौसेनं नव्हतं, बलुतं होतं. पोळा असो, लग्न असो, मयत असो, गावानं हाक मारली की जायचं आणि सुगीत खळ्यावर दाणे मागायचे. बाबासाहेबांचं ऐकून आज्यानं डफडं खुंटीला टांगलं ते परत काढलं नाही. बापाला हात लावू दिला नाही. मला वाजवता येत नाही, याचा आज्याला अभिमान होता.

वाजवणाऱ्याला 'मामा' म्हणून गोड बोलायचं आणि नाव विचारायचं नाही, ही तुमच्या बँडनं काढलेली रीत नाही भाऊ. गावानं तेच केलं. तुमच्या हातात गिटार होती म्हणून तुम्हाला वाटलं आपण वेगळं करायलोत.

चिडून लिहीत नाही. अंबाजोगाईच्या अंधाराचा परिच्छेद दोनदा वाचला. आज्या असता तर त्याला वाचून दाखवला असता की नाही, ठरवता येईना.

उदगीरकर_बाई

@बालाघाट 🙏

गोदाकाठ

क्लाइड स्टबलफिल्डची गोष्ट इथं सांगायलाच हवी. जेम्स ब्राऊनचा ड्रमर. 1970 साली निघालेल्या एका रेकॉर्डमध्ये काही सेकंद नुसता त्याचा ड्रम आहे. पुढं हिपहॉपवाल्यांनी तेवढाच तुकडा कापून शेकडो गाण्यांत वापरला. गाण्याचा कर्ता म्हणून नाव जेम्स ब्राऊनचं, त्यामुळे रॉयल्टीत ड्रमरचा वाटा शून्य. 2017 ला गेला बिचारा. तुमच्याही गाण्यात सुरुवातीला दोन आवर्तनं नुसती हलगी आहे म्हणता, म्हणजे कापायला तयारच. वरातीत ऐकलंत ते तेच असणार.

त्याच 1970 साली ब्राऊनच्या बहुतेक वादकांनी पैशावरून एकदम काम सोडलं होतं. त्यानं बूट्सी कॉलिन्स हा बेसवाला आणि त्याच्या भावाला बोलावून नवी फळी उभी केली. त्याच्याकडं दुसरे वादक होते. तुमच्याकडं होते का?

खालचा_सूर

नव्हते, तेच सांगतो.

2016 च्या सुरुवातीला पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. तेच गाणं नव्यानं करायचं, व्हिडिओ काढायचा, चाळीस हजार आगाऊ. अट एकच, हलगी मशीनवर घेऊ, कॅमेऱ्यापुढं चौघं पोरंच हवीत. आम्ही नाही म्हटलं नाही. "बघू" म्हटलं. मराठीत 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

मामांना हे कोणी सांगितलं ते आजही कळलेलं नाही. पण त्याच सुमारास त्यांच्या भाच्यानं मोबाइलवर गाणं काढून त्यात मामांचं नाव शोधलं आणि ते सापडलं नाही. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. मी पुढच्या तारखेसाठी फोन केला, मामा म्हणाले, "त्या दिशी सुपारी हाय." त्यापुढची तारीख, सुपारी हाय. जूनमध्ये, लग्नसराई उठल्यावरसुद्धा सुपारी हाय. चौथ्या फोनला मला समजलं.

कहोन (बसून वाजवायची लाकडी पेटी) आणून बघितला, पॅड आणून बघितला. ठेका तोच, पण पहिल्या मात्रेवर घरी कोणीच येईना. गिटारवाला बेंगळुरूला गेला, कीबोर्डवाल्यानं वाळूजला नाइट शिफ्ट घेतली. कंपनीचे चाळीस हजारही आले नाहीत, त्यांनी दुसरंच गाणं केलं.

वकील_नाही_पण

(वकील नाही, पण याच कामात आहे.) संगीतकाराचा कायदा लोकांना वाटतो तितका वाईट नाही. कॉपीराइट कायदा 1957 मध्ये संगीतरचनेचा कर्ता म्हणजे ती रचणारा, आणि रचणारा म्हणजे ज्यानं ती रचली तो, मग त्यानं नोटेशन लिहिलेलं असो वा नसो. व्याख्येतच तसं आहे. म्हणजे मामांना लिहिता येत नाही हा मुद्दा नाही. दोघा-तिघांचं काम एकमेकांत इतकं मिसळलेलं असेल की वेगळं काढता येत नाही, तर ते संयुक्त कर्तृत्व ठरतं. शब्द मात्र वेगळे, त्यांचा कर्ता गीतकार.

वाद इथं येईल की ठेका म्हणजे 'रचना' की नुसती 'साथ'. चाल म्हणजे संगीत आणि ताल म्हणजे साथ, अशी एक समजूत धंद्यात बसलेली आहे. फंकमध्ये ती उलटी पडते. ठेका काढला तर गाणंच उरत नाही.

ते बाजूला ठेवलं तरी वादक म्हणून मामांचे 'परफॉर्मर'चे हक्क आहेतच, 50 वर्षांचे. 2012 च्या दुरुस्तीनं व्यावसायिक वापरावर रॉयल्टीही जोडली. आणि त्या फॉर्ममधली नावं दुरुस्त करता येतात. ज्यांच्यामार्फत चढवलंत त्यांना मेल टाका. मामांचं पॅन आणि बँकेचं पासबुक मागतील. उरलेल्या कर्त्यांची लेखी संमती लागेल, म्हणजे तुम्ही आणि गिटारवाला.

जालन्याचा_स्टील

किती व्ह्यू आहेत हो गाण्याला? वाटणी करण्याइतके पैसे तरी जमलेत का?

खालचा_सूर

आजवरचे सगळे मिळून साडेचार हजार रुपये. हसा.

जालन्याचा_स्टील

हसत नाही. आमच्या भिशीत याच्याहून कमी रकमेवरून भाऊ-भाऊ बोलायचे बंद झालेत.

पॅडवाला_परभणी

नमस्कार सर. मी पार्टीत पॅड वाजवतो. तो ठेका आमच्यात 'जालना हलगी 2' नावानं आहे. सेलूच्या एका मित्राकडून पेनड्राइव्हवर 300 रुपयांत घेतला होता, चार वर्षं झाली. एसपीडी-एसएक्समध्ये (आमचं इलेक्ट्रॉनिक पॅड) टाकायचा आणि टिपरूच्या जागी मारायचा. हळदीला आणि वरातीला चालतोच, पोरं तोच मागतात. कोणाचा आहे माहीत नव्हतं, तसल्या फाइलीवर नाव नसतंच. हलगीच्या तुकड्याच्या शेवटी एक 'डुं' असा आवाज येतो, तो काय आहे सर? आम्हाला वाटायचं ठेक्यातलाच आहे, म्हणून आम्ही कीबोर्डवर पण तो वाजवतो.

खालचा_सूर

तो मी आहे. आत यायच्या आधी माझं बोट तारेला चुकून लागलं. स्टुडिओवाला म्हणाला काढू का, मी म्हटलं राहू दे, परत घ्यायला पैसे नाहीत.

चार वर्षं मराठवाड्यातल्या वराती माझ्या चुकीवर नाचताहेत तर.

गातो_म्हणे

सहा वर्षांत तुझं हे एकच नोटेशन हिट झालं. 😂

रविवारी येतोस का बदनापूरला? गाडी काढतो.

पेठेतला_पाहुणा

झुणका-पास्त्याचं मागे घेतो. जाऊन आलात की लिहा.

खालचा_सूर

जाऊन आलो. फार काही नाट्यमय झालं नाही, त्यामुळे थोडक्यात.

मामा आता साठीच्या जवळ आहेत. कातडी हलगी भिंतीवर आहे, सुपारीला फायबरची नेतात, ती शेकायला लागत नाही. आम्हाला बघून म्हणाले, "दोघंच? बाकीचे कुटं हायत?" चहा झाला. मी फॉर्मचं जे होतं ते सगळं सांगितलं, आडनावासकट. ते गप्प बसले. मग आडनाव सांगितलं. गायकानं ते हातावर पेनानं लिहून घेतलं, माझ्यावर भरवसा नाही म्हणे.

मग त्यांना पॅडवाल्यानं पाठवलेली फाइल मोबाइलवर ऐकवली. दोनदा ऐकली. वाटलं होतं खूश होतील किंवा चिडतील. तोंड वाकडं करून म्हणाले, "ढिली वाजायली की. त्या दिशी पुण्यात पाऊस व्हता. म्या तवाच म्हनलं व्हतं, जरा शेकू द्या." इतकी वर्षं ढिल्या कातड्याचा आवाज आपल्या हाताचा म्हणून गावोगाव फिरतोय, याचं त्यांना जास्त लागलं. मग म्हणाले, "तीनशेला इकतेत? किती जनांनी घेतला?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

साडेचार हजारांतला वाटा देऊ केला. घेतला, मोजून घेतला. पॅन कार्ड भाच्याकडं आहे, तो पाठवणार आहे. गिटारवाल्यानं बेंगळुरूहून संमतीचा मेल केला, एका ओळीचा, पण केला.

@बालाघाट, तुमचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्येच्या आज्यानं टांगलं त्ये बराबर केलं. म्या नाय टांगलं, त्ये बी बराबर."

बालाघाट

पोचलं.

पॅडवाला_परभणी

सर, तीनशे फक्त पहिल्यांदा होते, आता फुकटच फिरतो, त्यामुळे किती जणांकडं आहे ते देवच जाणे. पण मामांना विचारा, शेकलेल्या हलगीवर नवीन करून देतील का? आमच्यात बारीक काडीचा आवाज दबलाय. मी इकडच्या आठ-नऊ पार्ट्यांना विचारलं, सगळे मिळून पैसे देऊ, आधी देऊ. फाइलवर त्यांचं नाव टाकू. फक्त सर तुमचा तो 'डुं' पण पाहिजे, त्याच्याशिवाय पोरांना उडी कुठं मारायची ते कळत नाही.

खालचा_सूर

निरोप दिला. नवीन करायला तयार आहेत, पण पोळ्यानंतर. त्याच्या आधी तारखा नाहीत म्हणाले. या वेळी खरंच नसाव्यात.